अर्धा पाढा

गुरुवारी दुपारी सुताच्या दुकानात गुरुबसप्पाला सात आठे किती ते आठवलं नाही. समोर एक विणकर उभा होता, त्यानं सात पेट्या बाजूला काढून ठेवल्या होत्या, एकेका पेटीत आठ आठ पुडकी. गुरुबसप्पानं पेन्सिल कागदावर टेकवली आणि ती तिथंच राहिली. त्याला वाटलं, येईल. असं कधी झालं नव्हतं. आकडा मागायचा आणि तो यायचा, हाक मारली की घरातलं माणूस ओसरीवर येतं तसा. त्यानं परत मागितला. आत काहीच हाललं नाही. विणकरानं एकदा त्याच्याकडं, एकदा पेट्यांकडं पाहिलं. गादीवर लवंडलेले मालक वीरभद्रप्पा हे सगळं बघत होते. ते कानडीत म्हणाले, "एळ एंटले?" म्हणजे सात आठे किती. गुरुबसप्पा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. पानानं लाल झालेले ओठ हलले, शब्द नीट ऐकू आले, समजले, आणि पुढं काही नाही. शेवटी मालकांनीच आकडा सांगितला, तो त्यानं लिहून घेतला, विणकर पेट्या उचलून गेला. मग मालक हसत म्हणाले, "रविवारी बँकेची परीक्षा म्हणे तुझी. बसू, तिथं असाच साहेबाच्या तोंडाकडं बघत राहा. गोरा बिरा असला तर बघायला तरी बरं वाटेल." दुकानातले हमालही हसले. गुरुबसप्पाही थोडा हसला. त्याचे तळहात ओले झाले होते, आणि ते धोतराला पुसावेत की नाही एवढंसुद्धा त्याला ठरवता येईना.

त्याची भीती खोटी नव्हती. बँकेच्या कारकुनाच्या परीक्षेला वयाची अट होती आणि पुढच्या वर्षी तो त्या अटीच्या बाहेर जाणार होता. दोनदा तो बसला होता. पहिल्यांदा इंग्रजीनं घात केला, दुसऱ्यांदा थोडक्यात गेलं. इंग्रजी त्याचं बेताचंच राहणार होतं, सामान्य ज्ञान पाठ केलं तेवढंच, पण अंकगणितात तो वेगानं जाई, आणि त्या एका वेगावर बाकीचं तोलून धरता येईल असा त्याचा हिशेब होता. आता तो वेगच गेला तर उरलं काय. आयुष्यभर सुताच्या धुळीत खोकत बसायचं, आणि वीरभद्रप्पांनंतर त्यांच्या मुलाकडं. घरी जाताना त्यानं रस्त्यावर स्वतःला तपासून पाहिलं. टांग्याच्या मागं रंगवलेला नंबर, दाराच्या चौकटीवरचे नगरपालिकेचे आकडे, जे दिसेल त्याचा गुणाकार करून बघायचा. बेरीज येत होती. वजाबाकी येत होती. गुणाकाराशी आला की आत कुणीतरी दिवा मालवावा तसं होई. मिलचा भोंगा झाला, पाळी सुटलेली माणसं सायकलींवरून घंटी वाजवत त्याच्या दोन्ही अंगांनी निघून गेली, आणि तो त्यांच्या मधोमध उभा राहून नऊ सक किती ते आठवत होता. एका सायकलवाल्यानं त्याला बाजूला हो म्हणून सांगितलं, तेव्हा तो बाजूला झाला.

शुक्रवार पेठेतल्या त्याच्या दोन खोल्यांत कुणी नव्हतं. त्याची बायको महादेवी श्रावणात गेली, तेव्हापासून तिथं कुणी नव्हतं. तो आत आला की आधी चुलीकडं बघायचा, ही सवय अजून गेली नव्हती. चुलीच्या डाव्या हाताला ती बसायची आणि उजव्या हाताला, भिंतीला टेकून, तो. लग्न होऊन ती आली तेव्हा तो कोपऱ्यात बसून तोंडातल्या तोंडात पाढे म्हणत होता, पहिल्या परीक्षेची तयारी म्हणून. ती अक्कलकोटाच्या बाजूच्या खेड्यातली, शाळा चौथीपर्यंत. भाकरी थापता थापता तिनं बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग विचारलं, तुम्हीच विचारता आणि तुम्हीच सांगता, असं कसं हो. त्यांच्या शाळेत पाढा तसा म्हणत नसत. एक मुलगी उभी राहून विचारायची आणि बाकीच्यांनी सांगायचं. एकट्यानं म्हटला तर तो पाढाच नाही, असं तिचं ठाम मत. त्या दिवसापासून विचारायचं काम तिनं आपल्याकडं घेतलं. ती पीठ थापत विचारायची, एळ एंटले, आणि शेवटचा 'ले' लांबवायची. तो नुसता लांब नसे. थोडा वर जाई, तिथं जरा थांबे, मग हळूहळू खाली येई, घागर भरत आली की पाण्याचा आवाज बदलतो तसा. तो उत्तर देईपर्यंत ती तो सोडायची नाही. हाताखाली भाकरी फिरत असायची, आणि त्या लांबलेल्या सुरात कुठंतरी आकडा आपोआप यायचा. ऐवत्तारू, तो म्हणायचा. छप्पन्न. मग थाप पडायची आणि पुढचा प्रश्न. तो उत्तर शोधत नसे. उत्तर त्या सुरात असेच, तो फक्त ते उचलायचा.

गंमत म्हणजे तिला स्वतःला बाराच्या पुढचे पाढे येत नव्हते. तरी ती सतराचा विचारायची, तेवीसचा विचारायची, एकोणतीसचा विचारायची. तिला उत्तर माहीत नसताना तो चुकला तर तिला कळायचं कसं, हे त्याला पुष्कळ दिवस उमगलं नाही. पण कळायचं. तो चुकला की ती भाकरीवरचा हात तसाच ठेवून म्हणायची, "हेळ्री." सांगा. परत सांगा. एकदा त्यानं मुद्दाम चुकीचा आकडा अगदी ठासून सांगितला, तरी ती म्हणाली, हेळ्री. त्यानं विचारलं, तुला काय माहीत. ती म्हणाली, आकडा माहीत नाही, तुमचा आवाज माहीत आहे. दुसऱ्या परीक्षेच्या वेळी तर तो पेपर लिहिताना मनात तिलाच विचारायला लावायचा. वर्गात शे-दोनशे उमेदवार, कागदांची सळसळ, आणि त्याच्या कानात तिचा 'ले'. गणिताचा पेपर त्यानं वेळेच्या आधी संपवला होता. घरी येऊन त्यानं ते तिला सांगितलं तेव्हा ती लाजली आणि मग म्हणाली, म्हणजे तुमच्याबरोबर मीही बसले की परीक्षेला, पगार झाला की अर्धा माझा. ती त्याला री म्हणायची, तिकडच्या बायका नवऱ्याला म्हणतात तसं. री, ऊट माड्री. अहो, जेवून घ्या. आता त्याला बसू म्हणणारे होते, बसाप्पा म्हणणारे होते. री म्हणणारं कुणी नव्हतं.

काविळीनं ती गेली. सरकारी दवाखान्यात शेवटी शेवटी तिचे डोळे हळदीच्या पाण्यासारखे झाले होते आणि ती मधूनच कानडीत माहेरच्या माणसांशी बोलायची. एका दुपारी तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं, ओळखून पाहिलं, आणि ओठ हलवले. त्याला आकडे ऐकू आले नाहीत. फक्त शेवटचा 'ले' ऐकू आला, लांब, बारीक, वर जाऊन थांबलेला. ती वाट बघत होती. कोणता पाढा ते कळलं नाही म्हणून तो काहीच बोलला नाही, नुसता तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, साकु, मलगु. पुरे, झोप. तिनं डोळे मिटले. नंतर लिंगायतांच्या रीतीनं तिला रुद्रभूमीत बसती पुरली, तिच्या गळ्यातलं लिंग तिच्या तळहातावर ठेवून, आणि माती लोटताना त्याला एवढंच वाटत राहिलं की ती अजून वाट बघत बसली आहे. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही होतं असंही त्याला वाटलं नाही.

शुक्रवारी धोंडीराम आला. तो जेऊरचा, जकात नाक्यावर कारकून, याच परीक्षेला बसणारा. पण त्याचं वय अजून दोन वर्षं चालणार होतं, त्यामुळं त्याचा उत्साह मोकळा होता. त्यानं एका मोठ्या कागदावर शेवटच्या दोन दिवसांचं टाइमटेबल लाल-निळ्या शाईत आखून आणलं होतं. घड्याळाचं टाइमटेबल नव्हतं, कारण घड्याळ दोघांकडंही नव्हतं, ते मिलच्या भोंग्यांवर बांधलेलं होतं. या भोंग्यापासून त्या भोंग्यापर्यंत इंग्रजी शब्द, तिथून पुढं राज्यं आणि राजधान्या, मग अपूर्णांक. भाताच्या शितांनी त्यानं ते भिंतीवर चिकटवलं, ते नेमकं महादेवीच्या आरशाच्या खिळ्यावर बसलं, आणि मध्ये टेंगूळ आलं. गुरुबसप्पा त्या टेंगळाकडं बघत राहिला. धोंडीराम म्हणाला, "आता नवं काय बी वाचायचं न्हाय. जे हाय तेच घोटायचं. नवं वाचलं की जुनं पळून जातं बघ." मग त्यानं पाढे घ्यायला सुरुवात केली. तो मराठीत विचारत होता, बेलिफानं दारात उभं राहून नाव पुकारावं तसा. सात आठे. गुरुबसप्पा गप्प. आठ नव्वे. गप्प. तेरा सक. धोंडीरामला आधी थट्टा वाटली. मग त्यानं पाटी पुढं केली, तेव्हा गुरुबसप्पानं सात हा आकडा आठ वेळा एकाखाली एक मांडला आणि बेरीज करून छप्पन्न काढले. बरोबर होते. धोंडीराम पाटीकडं बघून म्हणाला, "हे असं? तू एक चेक वटवशील तवर गिऱ्हाईक म्हातारं व्हईल की." पण हसता हसता त्याचा चेहरा पडला. त्यानं हळू आवाजात विचारलं, तुला झालंय काय, तुझी तर सगळी भिस्त गणितावर. गुरुबसप्पा म्हणाला, झोप नाही. धोंडीरामनं टाइमटेबलवर एका जागी निळ्या शाईत झोप असं लिहिलं.

तो गेल्यावर गुरुबसप्पा स्वतःशी भांडत बसला. आकडे कुठं जात नाहीत, असं तो स्वतःला सांगत होता. ते लहानपणापासून आहेत, ती येण्याच्या आधीपासून आहेत, ती आली तेव्हा तो पाढे म्हणतच होता ना. मग तिच्याबरोबर ते जायचं कारण काय. त्यानं डोळे मिटून तिचा आवाज आठवून पाहिला, मागच्या परीक्षेत आठवला होता तसा. 'एळ' आला. 'एंट' आला. त्यापुढं तो सूर वर चढायला लागला की दवाखान्यातली ती दुपार मध्ये यायची आणि 'ले' तिथंच थांबायचा, वरच्या वर, खाली यायचाच नाही. उत्तर खाली येताना मिळायचं. त्याला कळत होतं की हा वेडेपणा आहे. वीरभद्रप्पांना सांगितलं तर ते म्हणतील, दुसरी बायको कर, सगळे पाढे येतील. सासुरवाडीहून तसा निरोपही येऊन गेला होता, महादेवीच्या धाकट्या बहिणीबद्दल. त्यानं परीक्षेनंतर बघू असं कळवलं होतं. परीक्षेनंतर, हे शब्द त्याला त्या दिवसांत फार उपयोगी पडत होते. सगळं परीक्षेनंतर. पण परीक्षा पास होणं म्हणजे तिच्याशिवाय पास होणं, हे मात्र त्यानं कुणाला कळवलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. पास झालो तर तिच्यावाचून जमतं असं ठरेल. नापास झालो तर वय संपेल. दोन्हीकडून त्याला सारखीच थंडी वाजत होती.

शनिवारी मालकांनी सुट्टी दिली. दिवसभर तो टाइमटेबलप्रमाणं बसला, एका भोंग्याकडून दुसऱ्या भोंग्याकडं, आणि डोळ्यांखालून राजधान्या गेल्या, शब्द गेले. संध्याकाळी भिंतीपलीकडं थापा सुरू झाल्या. पलीकडं गोजरबाई राहायच्या. करकंबच्या, नवरा गेलेला, कडक भाकऱ्या करून खानावळींना देत. महादेवी असताना भिंतीच्या दोन्ही बाजूंनी थापा चालायच्या आणि दोघी मधल्या झरोक्यातून बोलायच्या. गोजरबाईंना कानडी येत नव्हतं, महादेवीचं मराठी मोडकं, तरी बोलणं कधी अडलं नाही. त्या संध्याकाळी थापा पडत होत्या आणि त्यांत एकदम, झरोक्यातून, गोजरबाईंचा आवाज आला, "येळ येंटलेऽऽ".  गुरुबसप्पा ताडकन उठला. आवाज जाडा, खरखरीत, शब्द वाकडे. पण तो 'ले' वर गेला, जरा थांबला आणि खाली यायला लागला. "मावशी," तो भिंतीवर हात आपटून ओरडला, "ते म्हणू नका. त्याचा अर्थ तरी माहीत आहे का तुम्हाला." पलीकडं सगळं थांबलं. थापाही थांबल्या. मग गोजरबाई म्हणाल्या, "न्हाय म्हनत, बाबा. काल तो जेऊरचा सांगत हुता, तुला पाडं येईनात म्हनून. मला वाटलं, ती म्हनायची तसं म्हनलं तर येतील."  त्या संध्याकाळी पलीकडच्या उरलेल्या भाकऱ्या आवाज न करता झाल्या. त्या कशा केल्या असतील कोण जाणे.

रविवारी परीक्षेचं केंद्र एका शाळेत होतं. बाकं मुलांची, गुडघे वर येणारी. पहिला तास इंग्रजीत गेला, तो त्यानं ओझं ओढावं तसा ओढला. मग गणिताचा कागद हातात आला. पहिलंच उदाहरण गुणाकाराचं, दुसरं गुणाकाराचं, सगळा कागद गुणाकारांनी भरलेला. आजूबाजूला पेनं धावू लागली. पुढच्या रांगेतल्या धोंडीरामची मान खाली होती, त्याचा डावा पाय जमिनीवर ताल धरत होता. गुरुबसप्पानं कच्च्या कागदावर सात हा आकडा आठ वेळा मांडला आणि तो थांबला. असं करत बसला तर चौथ्या उदाहरणापर्यंत वेळ संपेल. त्यानं डोळे मिटले. तिला विचारायला लावलं. ती आली नाही. चुलीची डावी बाजू दिसली, रिकामी. मग त्यानं एक गोष्ट केली जी त्या दोघांच्या खेळात कधीच केली नव्हती. तिची बाजू त्यानं आपल्या तोंडात घेतली. ओठ अगदी थोडे हलवून तो स्वतःच म्हणाला, एळ एंटले, आणि 'ले' लांबवला. वर नेला. दवाखान्यातल्या त्या दुपारीपाशी सूर थांबला, तिथं त्यानं श्वास धरला, आणि जोर करून, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हात द्यावा तसा, तो खाली आणला. ऐवत्तारू. आकडा आला. मग दुसरा विचारला. तोही आला. पर्यवेक्षक बाकाजवळ येऊन म्हणाले, "ओठ हलवू नका. शेजारच्याला सांगताय का?" त्यानं ओठ बंद केले आणि घशातल्या घशात विचारत राहिला. आता पेन थांबत नव्हतं. तेराचा, सतराचा, तेवीसचा, तो विचारत होता आणि सांगत होता, विचारत होता आणि सांगत होता, आणि हळूहळू तो 'ले' आखूड होत गेला, कारण आता लांबवायची गरज उरली नव्हती. शेवटच्या पानावर तर प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर येत होतं. घंटा व्हायच्या आत कागद संपला. त्यानं पेन खाली ठेवलं तेव्हा त्याला घाम आला होता आणि बरं वाटत होतं. खरोखर बरं वाटत होतं. दुकानातली सुताची धूळ त्याला फार लांबची वाटली.

बाहेर आल्यावर धोंडीरामनं सगळी उत्तरं पडताळून पाहिली आणि पाठीत थाप मारली. म्हणाला, तुला पोस्टिंग मिळालं की नाक्यावरून तुझं सामान बिनजकातीचं सोडतो. दोघांनी चहा घेतला. मग गुरुबसप्पा एकटा घराकडं निघाला. रविवार असल्यामुळं भोंगा नव्हता, रस्ता रिकामा होता. चालता चालता त्यानं सहज, नुसतं सुख म्हणून, तिचा आवाज मनात आणला. एळ एंटले. आवाज आला. पण तो त्याचाच होता. तो थांबला. परत आणला. परत त्याचाच, घशातल्या घशातला, घाईचा, परीक्षेतला. त्यानं चूल आठवली, तिचे पीठ लागलेले हात आठवले, मान वाकडी करून ती कशी वाट बघायची ते आठवलं, सगळं जागच्या जागी होतं. तिचे ओठ हलले. आवाज त्याचा. दवाखान्यातलीही तशीच, पिवळे डोळे, हललेले ओठ, आणि त्यांतून येणारा त्याचा स्वतःचा 'ले'. मग त्याला समजलं की मघाशी त्या बाकावर त्यानं काय केलं. तिची बाजू घेतली आणि वापरून संपवली. रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला. एक कुत्रं येऊन त्याचे पाय हुंगून गेलं. आकडे मात्र सगळे होते. जे दिसेल त्याचा गुणाकार होत होता, न मागता, एकामागून एक, आणि त्याला ते बंद करता येईना.

घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. तो आपल्या खोलीत गेला नाही. गोजरबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. त्या चुलीपुढं बसल्या होत्या, परातीत पीठ, शेजारी भाकऱ्यांची चळत. त्यांनी वर पाहिलं आणि परीक्षा कशी गेली ते विचारलं. बरी गेली, तो म्हणाला. लई बेस झालं, त्या म्हणाल्या आणि परत थापायला लागल्या, हलक्या हातानं, आवाज होऊ न देता. तो तसाच उभा होता. मग म्हणाला, "मावशी, काल म्हणत होता ते म्हणा की."

"नगं बाबा. तूच वराडलास."

"म्हणा. चुकलं माझं."

गोजरबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. त्याच्या तोंडावर त्यांना काय दिसलं कोण जाणे. भाकरी त्यांनी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, आणि पिठाचे हात मांडीवर ठेवून, देवळात गाणं म्हणायला सांगितलेल्या बाईसारख्या जरा संकोचून म्हणाल्या, "येळ येंटलेऽऽ". शब्द वाकडे होते, आवाज करकंबचा होता. पण 'ले' त्यांचा नव्हता. तो त्यांनी रोज संध्याकाळी झरोक्यातून ऐकून घेतला होता, अर्थ न कळता, जसाच्या तसा. तो वर गेला. तिथं जरा थांबला. आणि घागर भरत आल्यासारखा खाली यायला लागला.

"सांग की आता," गोजरबाई म्हणाल्या. "ती तर तू सांगस्तवर सोडत नव्हती." आणि त्यांनी परत धरला, आधीपेक्षा लांब.

आकडा त्याच्या जिभेवर तयार होता. तो सांगितला की त्या थांबणार होत्या. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, त्याचा वास खोलीत पसरत होता, गोजरबाईंचा श्वास संपत आला होता. गुरुबसप्पा दाराची चौकट धरून, ओठ घट्ट मिटून, ऐकत उभा राहिला.